बाजार बंद, तर भाव शून्य?

जळगाव किंवा धुळ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतल्या हरभऱ्याच्या भावांचा महिनाभराचा तक्ता मांडायला घेतला, की तीस दिवसांच्या तीस ओळी सहसा भरत नाहीत. रविवार जातो, सणवार जातो, हमाल-मापाड्यांची सुट्टी जाते. एखाद्या दिवशी बाजार सुरू असतो, पण त्या मालाची आवकच होत नाही. ॲगमार्कनेटसारख्या सरकारी पोर्टलवर किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव मिळतात, ते व्यवहार झालेल्या दिवसांचे. उलट आलेख काढणाऱ्याला, दोन बाजारांची तुलना करणाऱ्याला किंवा महाविद्यालयातला प्रकल्प करणाऱ्याला सलग तारखा हव्या असतात, कारण जळगावचे बंद दिवस आणि धुळ्याचे बंद दिवस एकच असतील असं नाही आणि तारखा जुळल्याशिवाय दोन याद्या शेजारी ठेवता येत नाहीत. म्हणजे मधली रिकामी घरं कशाने तरी भरावी लागतात. संगणकाच्या भाषेत या कामाच्या दोनच मूळ क्रिया आहेत: असलेल्या आकड्याच्या प्रती काढणं किंवा काहीतरी भराव घालणं. दोन्ही एका ओळीत होतात, आणि एका ओळीत होतात म्हणूनच त्या विचार न करता केल्या जातात. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की रिकाम्या घरात घातलेला प्रत्येक आकडा हे एक विधान असतं. ते खरं की खोटं, हे भाषेला कळत नाही. ते आकडा कशाचा आहे यावर ठरतं, आणि ठरवायचं काम तुमचं आहे.

आधी हत्यारांची ओळख. ॲरे प्रोग्रॅमिंगच्या भाषांत एकेक आकडा उचलून फेऱ्या मारत बसावं लागत नाही. अख्खी यादी किंवा अख्खं कोष्टक एका दमात हाताळता येतं. केनेथ आयव्हर्सन यांनी आधी शिकवण्यासाठी आणि लिहिण्यासाठी एक चिन्हपद्धती घडवली, १९६२ साली तिच्यावर ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक लिहिलं, आणि त्या शीर्षकाच्या आद्याक्षरांवरून पुढे एपीएल ही भाषा आली. १९७९ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९० च्या सुमारास त्यांनी आणि रॉजर हुई यांनी ‘जे’ ही भाषा तयार केली, जिला खास चिन्हांचा कीबोर्ड लागत नाही. पायथनमधलं नमपाय, ऑक्टेव्ह आणि आर ही याच कुळातली, जरा बोलकी मंडळी. खालची उदाहरणं मुख्यतः एपीएलमध्ये आहेत, कारण तिथे सगळा मजकूर आकडे आणि चिन्हं एवढाच असतो आणि काय चाललंय ते एका नजरेत दिसतं. पायथन येणाऱ्याला त्यांची रूपांतरं करणं अवघड नाही. लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर मात्र ते इंग्रजी वळणाचेच टाइप करावे लागतात.

समजा, पाच दिवसांपैकी पहिला, दुसरा आणि पाचवा असे तीन दिवस बाजार भरला. भाव क्विंटलला ५४००, ५६०० आणि ५५०० रुपये. आवक १२०, ९० आणि २०० क्विंटल. (आकडे उदाहरणापुरतेच.) बाजार सुरू असल्याला १ आणि बंद असल्याला ० लिहिलं, की १ १ ० ० १ अशी पट्टी मिळते. हिला मास्क म्हणतात, आणि या सगळ्या प्रकरणात तीच सर्वात मोलाची वस्तू आहे. एपीएलमध्ये उलट्या तिरक्या रेघेने यादी पसरवता येते:

१ १ ० ० १\१२० ९० २००

याचं उत्तर १२० ९० ० ० २००. जिथे मास्कमध्ये शून्य, तिथे भराव. सरळ तिरक्या रेघेने प्रती निघतात. डावीकडे प्रत्येक आकड्याच्या किती प्रती हव्यात ते लिहायचं:

१ ३ १/५४०० ५६०० ५५००

उत्तर ५४०० ५६०० ५६०० ५६०० ५५००. दुसऱ्या दिवसाचा भाव पुढच्या दोन बंद दिवसांवर ओढला गेला. नमपायमध्ये हेच काम रिपीट नावाचं फंक्शन करतं. जे भाषेत तर दोन्ही क्रिया एकाच हॅश चिन्हात आहेत: डावीकडे ३ लिहिलं तर तीन प्रती, आणि एक व दोन हे आकडे मध्ये ‘जे’ हे इंग्रजी अक्षर घालून जोडून लिहिले तर एक प्रत आणि तिच्यामागे दोन भराव. जागा दोन्हींत तीनच लागतात, यादीची लांबी सारखीच येते, पुढचा हिशेब कुठेही अडत नाही. म्हणूनच लांबी जुळली म्हणजे काम बरोबर झालं, असं मानायला जागा राहते.

आता या दोन क्रियांची अदलाबदल करून पाहा. भावाच्या यादीत बंद दिवशी शून्य घातलं, तर पाच दिवसांची सरासरी येते ३३०० रुपये. हरभरा त्या आठवड्यात ५४०० च्या खाली कधी विकलाच गेला नाही, तरी तक्ता तसं सांगतो. आवकेच्या यादीत शेवटचा आकडा पुढे ओढला, तर एकूण आवक ४१० ऐवजी ५९० क्विंटल होते. १८० क्विंटल माल कुठल्याही शेतातून न येता कागदावर उतरतो. बाजार तोच, दिवस तेच, मास्कही तोच; तरी भावाच्या रकान्याला जे औषध लागू पडतं ते आवकेच्या रकान्याला विष ठरतं. भाव ही एक स्थिती आहे. बाजार उठला म्हणून ती नाहीशी होत नाही. शनिवारी संध्याकाळी जो भाव होता, तोच रविवारी गावातल्या बोलण्यात असतो. आवक ही घटना आहे. ती झाली नाही, तर खरोखरच शून्य झाली. म्हणून भराव ठरवताना पहिला प्रश्न हा विचारायचा: ही राशी दोन नोंदींच्या मध्ये टिकून राहते, की नोंदीच्या वेळीच घडते? हतनूर किंवा गिरणा धरणाची पाणीपातळी टिकते, पाऊस घडतो. गोदामातला शिल्लक साठा टिकतो, त्या दिवशीची विक्री घडते. टिकणाऱ्याच्या प्रती काढा. घडणाऱ्याला शून्य द्या, पण घडलं नाही हे नक्की माहीत असेल तरच.

दोन्ही रकाने योग्य रीतीने भरले की एक छान गोष्ट घडते. आवकेनुसार भारित सरासरी भाव काढायचा, तर पाचही दिवसांच्या भावाला त्या त्या दिवसाच्या आवकेने गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण आवकेने भागायचं. बंद दिवशी पुढे ओढलेला ५६०० हा भाव शून्य आवकेने गुणला जातो आणि हिशेबातून आपोआप गळतो. उत्तर येतं सुमारे ५४९३, आणि फक्त तीन खरे दिवस घेऊन काढलं तरी तेच. साधी सरासरी मात्र ओढलेल्या यादीतून काढली तर ५५४० येते, खऱ्या तीन दिवसांची ५५००. कारण सुट्टीच्या आदल्या दिवसाला तिप्पट वजन मिळालं. तेव्हा प्रती काढणं हेही निर्दोष नाही. प्रश्न ‘सौदे सरासरी कितीला झाले’ असा असेल, तर भराव घालूच नका. मास्क सरळ तिरक्या रेघेला देऊन खरे दिवस तेवढे निवडा. ‘रविवारी घरातल्या मालाची किंमत किती धरायची’ असा प्रश्न असेल, तर प्रत योग्य. आणि भावाचा रोजचा चढउतार मोजायचा असेल, तर ओढलेली यादी बाजाराला आहे त्यापेक्षा शांत दाखवते, कारण प्रत्येक प्रतीमागे एक ‘बदल शून्य’ असा दिवस जमा होतो.

इथे कोणी म्हणेल, भाषा घडवणाऱ्यांनी शून्य हा भराव विचार करूनच ठेवला असेल. ठेवलाय खरा, पण तो विचार वेगळा होता. एपीएल आणि जे या भाषांत भराव प्रकारावरून ठरतो: आकड्यांच्या यादीत शून्य, अक्षरांच्या यादीत कोरी जागा. भाषेला एवढंच ठाऊक असतं की हे आकडे आहेत. ते रुपये आहेत, मिलिमीटर आहेत की तालुक्यांचे क्रमांक, हे तिला कोण सांगणार? बेरीज आणि लांबी जुळवण्याच्या कामाला शून्य सोयीचं आहे, कारण त्याने बेरीज बिघडत नाही. सरासरी, किमान भाव आणि गुणोत्तर यांना ते सोयीचं नाही. गुणोत्तराचा प्रकार तर पाहण्यासारखा आहे. शून्याने भरलेल्या भावांच्या यादीत आजचा भाव भागिले कालचा भाव काढायला जा. लागोपाठच्या दोन बंद दिवसांसाठी शून्य भागिले शून्य येतं, आणि डायलॉग एपीएल ही एपीएलची एक आवृत्ती नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याचं उत्तर १ देते, म्हणजे भाव स्थिर. जे भाषा ० देते, म्हणजे भाव कोसळला. नमपाय इशारा देऊन ‘संख्या नाही’ अशी खूण ठेवतं. एकाच तक्त्यावर तीन भाषांची तीन मतं, आणि दोष तिघींपैकी एकीचाही नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला इतर संख्यांच्या रांगेत न बसवता खहर म्हणून वेगळं काढलं. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी घेतलेली ती काळजी आपल्या एक्सेलच्या तक्त्यांत क्वचितच दिसते, हे जाता जाता.

पावसाच्या आकड्यांत ही गुंतागुंत आणखी वाढते, कारण तिथे खरं शून्य आणि खोटं शून्य शेजारी शेजारी बसतात. हवामान खात्याची चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते, आणि २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरला जातो. शिंदखेड्यासारख्या कमी पावसाच्या तालुक्यात पावसाळ्यातही शून्याचे दिवस भरपूर असतात आणि ते मोलाचे असतात, कारण पिकाला ताण किती दिवस बसला ते त्यांच्यावरूनच मोजलं जातं. आता एखाद्या दिवशी मापकाची नोंदच घेतली गेली नाही आणि संगणकाने तिथे शून्य भरलं. पावसाच्या खंडाची लांबी खोटी वाढली. साध्या मापकात तर दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं साठलेलं पाणी एकदम मोजलं जातं, म्हणजे एक कोरडा दिवस आणि एक अतिवृष्टीचा दिवस असा देखावा तयार होतो, तर प्रत्यक्षात दोन मध्यम पावसाचे दिवस झालेले असू शकतात. आणि प्रत काढावी म्हटलं, तर ६० मिलिमीटरचा पाऊस पुढच्या दिवशीही ओढला जाऊन १२० होतो. दोन्ही वाटा बंद आहेत. इथे उरतो तो एकच प्रामाणिक उपाय: घर रिकामं असल्याची खूण वेगळी ठेवायची.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की शून्य भरून टाकू आणि हिशेबाच्या वेळी शून्यं वगळू. भावाच्या यादीत हे चालून जातं, कारण हरभऱ्याचा खरा भाव शून्य कधी नसतो. पण तीच ओळ पावसाच्या किंवा आवकेच्या रकान्यावर चालवली, की खरी शून्यंही गळतात आणि पावसाची रोजची सरासरी फुगते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ‘संख्या नाही’ ही खूण असताना वेगळा मास्क कशाला? नमपायमध्ये ती खूण दशांश आकड्यांच्या यादीतच राहू शकते, पूर्णांकांच्या नाही. त्यामुळे पायथनमधल्या पांडास या ग्रंथालयात गहाळ तारखा घालताच पूर्णांकांचा रकाना गुपचूप दशांशाचा होतो. साध्या बेरजेत एक खूण आली की सगळी बेरीजच ‘संख्या नाही’ होते, आणि ती टाळायला खुणा वगळणारी वेगळी फंक्शनं वापरावी लागतात. आर भाषेतली गहाळ नोंदीची खूण पूर्णांकांतही चालते, त्या बाबतीत ती भाषा सरस आहे. तरीही एक गोष्ट कुठल्याच खुणेला सांगता येत नाही: घर का रिकामं आहे. बाजार बंद होता, बाजार भरला पण माल आला नाही, की नोंदच पोहोचली नाही, ही तीन कारणं आहेत आणि तिन्हींचा भराव वेगळा आहे. मास्कमध्ये ० आणि १ ऐवजी ० ते ३ असे आकडे ठेवले, की कारणही जपलं जातं आणि लागेल तेव्हा त्यातून साधा मास्क काढता येतो. जागा फार लागते म्हणावं, तर जळगावचे १५ आणि धुळ्याचे ४ मिळून १९ तालुक्यांच्या दहा वर्षांच्या रोजच्या नोंदी सुमारे ६९ हजार होतात. डायलॉग एपीएल शून्य-एकच्या यादीला एका घरामागे एकच बिट देतं, म्हणजे सगळा साधा मास्क नऊ किलोबाइटांच्या आत मावतो.

एक्सेलमध्येच हे सगळं होतं, मग नवी भाषा कशाला, असाही प्रश्न आहे. होतं, पण प्रश्न तिथेही हाच आहे, फक्त झाकलेला. एक्सेलचं सरासरीचं सूत्र कोरी घरं वगळतं आणि शून्याची मोजतं. कोऱ्या घराकडे बोट दाखवणारं साधं सूत्र मात्र शून्य देतं. म्हणजे मूळ पानावर बरोबर आलेली सरासरी, तोच तक्ता सूत्राने दुसऱ्या पानावर आणला की बदलते.

प्रती आणि भराव यांची अदलाबदल सर्वात जास्त होते ती लांबी वाढवताना. एपीएलमध्ये ७↑१ २ ३ लिहिलं तर १ २ ३ ० ० ० ० येतं, आणि ७⍴१ २ ३ लिहिलं तर १ २ ३ १ २ ३ १. पहिलं चिन्ह कमी पडलं की भराव घालतं, दुसरं कमी पडलं की यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतं. तिथे निदान चिन्हं वेगळी आहेत. नमपायमध्ये रिसाइझ या एकाच नावाची दोन कामं आहेत: ग्रंथालयाचं फंक्शन म्हणून बोलावलं तर ते प्रती भरतं, आणि त्याच नावाची ॲरेची स्वतःची मेथड शून्यं भरते. अधिकृत माहितीपत्रात हा फरक लिहिलेला आहे. तो वाचल्याशिवाय दोन्हींपैकी एकही वापरू नये, किंबहुना भराव घालायचाच असेल तर पॅड हे स्पष्ट नावाचं फंक्शन वापरावं.

हा फरक जवळून पाहायचा, तर वर्षाच्या ३६५ दिवसांच्या पावसाचं बारा ओळी आणि एकतीस रकाने असं कोष्टक करून पाहा. घरं ३७२ होतात, सात जास्त. १२ ३१⍴ असं लिहून यादी पुढे दिली, की कोष्टक तक्रार न करता भरतं. शेवटच्या सात घरांत १ ते ७ जानेवारीचा पाऊस पुन्हा येतो, आणि खानदेशात तो बहुधा शून्यच असल्याने वार्षिक बेरीज तंतोतंत जुळते. बेरीज जुळली म्हणून आपण निर्धास्त होतो, पण आतले महिने सरकलेले असतात. फेब्रुवारीच्या ओळीत मार्चचे तीन दिवस शिरले, एप्रिलने आणखी एक दिवस पुढे ढकलला, आणि जूनच्या ओळीत प्रत्यक्षात ५ जून ते ५ जुलै आहे. सप्टेंबरच्या ओळीत ६ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर. जूनचा पाऊस पेरणीला पुरेसा होता का, हा प्रश्न या कोष्टकाला विचारला तर जुलैचे पाच दिवस धरून उत्तर मिळेल. योग्य वाट अशी: आधी प्रत्येक महिन्याला किती दिवस, त्याचा मास्क करायचा.

३१ २८ ३१ ३० ३१ ३० ३१ ३१ ३० ३१ ३० ३१∘.≥⍳३१

बारा महिन्यांची लांबी एक ते एकतीस या प्रत्येक आकड्याशी ताडून पाहिली, की बारा गुणिले एकतीसचा शून्य-एकचा तक्ता तयार होतो. त्यात एक बरोबर ३६५ असतात. हा तक्ता सरळ पट्टीत उलगडून तिच्यावरून पाऊस पसरवायचा आणि मग १२ ३१⍴ लावायचं. आता ३० फेब्रुवारीच्या घरात भराव आहे आणि तो कुठे आहे हे मास्कला माहीत आहे. महिन्याची सरासरी काढताना ओळीची बेरीज मास्कच्या ओळीच्या बेरजेने भागा, एकतीसने नाही. लीप वर्षात २८ च्या जागी २९, बाकी काही बदलत नाही.

लांबी वेगळी असलेल्या ओळी एकत्र रचतानाही हेच होतं. जळगावच्या पंधरा तालुक्यांच्या पावसाची एक ओळ आणि धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा या चार तालुक्यांची दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवल्या, की एपीएल आणि जे धुळ्याच्या ओळीत मुकाट्याने अकरा शून्यं घालतात. मग ओळीची सरासरी पंधराने भागली गेली, तर धुळे जिल्ह्याचा पाऊस जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतो. नमपायने १.२४ या आवृत्तीपासून अशा उंचसखल ओळींचं कोष्टक करायला सरळ नकार देऊन चूक दाखवायला सुरुवात केली, आणि मला हा नकार अधिक शहाणपणाचा वाटतो. शिकणाऱ्याला तो जाचक वाटेल. पण नकार मिळाला की माणूस थांबून विचार करतो. जुन्या आकडेवारीत तर ओळींची लांबी वर्षागणिक बदलते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, म्हणजे त्याआधीच्या ‘धुळे जिल्हा’ या आकड्यात आजचं नंदुरबार मिसळलेलं आहे. नंदुरबारची यादी मागच्या वर्षांपर्यंत लांबवायची म्हणून ↑ ला उणे संख्या देऊन पुढच्या बाजूला शून्यं घातली, तर १९९५ साली नंदुरबारात कापूसच पिकत नव्हता असं विधान होतं. आणि १९९८ चा आकडा मागे ओढला, तर तोच कापूस धुळ्यातही आणि नंदुरबारातही दोनदा मोजला जातो. अशा वेळी जिल्ह्याची यादी सोडून तालुक्यांच्या पातळीवर उतरणं हाच मार्ग.

टोकांचा भराव हा वेगळा विषय आहे, पण आलेख काढणाऱ्याने तो टाळू नये. केळीच्या भावाची सात दिवसांची सरकती सरासरी नमपायच्या कन्व्हॉल्व्ह या फंक्शनने, मूळ यादीइतकीच लांबी मागून काढली, तर दोन्ही टोकांना यादीबाहेर शून्यं आहेत असं धरलं जातं. आलेखाची दोन्ही टोकं खाली वाकतात, आणि नेमकं शेवटचं टोक म्हणजे आजचा भाव असल्याने बघणाऱ्याला मंदी आली असं वाटतं. पॅड फंक्शनमध्ये त्यासाठी पर्याय आहेत: टोकाचा आकडा पुढे चालवणं, आरशासारखं उलटं दाखवणं, किंवा यादी गोल फिरवून शेवटानंतर पुन्हा सुरुवात आणणं. गोल फिरवणं भावाला चुकीचं, पण बारा महिन्यांच्या सरासरी तापमानाला अगदी योग्य, कारण डिसेंबरनंतर खरोखरच जानेवारी येतो. भावासाठी सर्वात बरं म्हणजे पूर्ण सात दिवस मिळतात तेवढाच आलेख काढणं. तीन-तीन बिंदू दोन्हीकडे कमी होतील, होऊ द्या.

अक्षरांच्या भरावात मराठीची एक स्वतःची अडचण आहे. तालुक्यांची नावं सारख्या रुंदीत बसवायला ८↑ लावलं, तर ‘धुळे’ या नावामागे चारच कोऱ्या जागा येतात. संगणकासाठी त्यात ध, उकार, ळ आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत, डोळ्याला मात्र दोनच अक्षरं दिसतात. ‘चोपडा’ तीन अक्षरांचा दिसतो आणि पाच चिन्हांचा मोजला जातो. रकाने वेडेवाकडे होतात हे एक वेळ चालेल. पण भराव घातलेलं ‘धुळे’ आणि मूळ ‘धुळे’ संगणकाला वेगळी वाटतात, आणि दोन तक्ते नावावरून जोडताना तालुके गळतात. नावांना भराव छपाईच्या वेळीच घाला, साठवताना नको.

शेवटी, भाव पुढे ओढण्याची एक नेहमीची युक्ती आणि तिचा सापळा. प्रत्येक भावाच्या किती प्रती हव्यात हे हाताने मोजण्यापेक्षा मास्कचीच चढती बेरीज करतात: १ १ ० ० १ ची चढती बेरीज १ २ २ २ ३, आणि भावांच्या यादीतून याच क्रमांकाचे आकडे उचलले की ५४०० ५६०० ५६०० ५६०० ५५०० हाती येतात. एपीएलमध्ये:

(५४०० ५६०० ५५००)[+\१ १ ० ० १]

फार सुबक ओळ आहे. पण महिन्याचा पहिला दिवस रविवार असेल, तर मास्क शून्याने सुरू होतो आणि पहिला क्रमांकही शून्य येतो. नेहमीच्या एपीएलमध्ये मोजणी एकपासून होत असल्याने शून्य क्रमांकाचं घरच नाही. भाषा चूक दाखवून थांबते. जे आणि नमपायमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणून चढत्या बेरजेतून एक वजा करून क्रमांक काढतात, आणि तो इथे उणे एक होतो. उणे एक म्हणजे त्या दोन्ही भाषांत यादीतला शेवटचा आकडा. महिन्याच्या पहिल्या तारखेला महिन्याच्या शेवटच्या सौद्याचा भाव बसतो, काहीही तक्रार न होता, आणि तो भाव आसपासच्या भावांसारखाच दिसत असल्याने नजरेलाही खटकत नाही. यावर इलाज असा, की तक्ता पहिल्या तारखेपासून न उघडता मागच्या महिन्यात ज्या दिवशी शेवटचा सौदा झाला त्या दिवसापासून उघडावा, भाव ओढून घ्यावेत आणि मग ते आधीचे दिवस गाळावेत. मागचा महिना हाताशी नसेल, तर पहिल्या सौद्यापर्यंतची घरं रिकामीच ठेवावीत आणि मास्कमध्ये तशी नोंद करावी.